३२४ ओळी भरायच्या का?

सभासदांचे ९ प्रकार, साहित्याचे १२ प्रकार आणि ३ ग्रंथालये, म्हणजे देवघेव नियमांच्या तक्त्यात (कोणाला काय, किती दिवस द्यायचे) ३२४ ओळी भरायच्या का, असा तुमचा प्रश्न आहे. नका भरू. मी कोहा ही ग्रंथालयाचे काम सांभाळणारी संगणक प्रणाली वापरते, त्यामुळे त्याच्याच भाषेत सांगते.

आधी 'सर्व ग्रंथालये, सर्व सभासद, सर्व साहित्य' अशी एकच ओळ घाला आणि ती कडक ठेवा: कमी दिवस, कमी पुस्तके. एखादा प्रकार नजरेतून सुटला तर तो या ओळीत पडतो, आणि सुटलेल्याला ढिलाई मिळण्यापेक्षा कडकपणा मिळालेला बरा. तक्रार लगेच काउंटरवर येते. त्यानंतर फक्त अपवाद लिहा. संशोधकांना जास्त मुदत, राखीव पाठ्यपुस्तके तासांच्या हिशेबाने, इतकेच. संदर्भग्रंथ मुळात घरी द्यायचेच नसतील तर नियमांच्या भानगडीत न पडता साहित्य-प्रकारालाच 'देण्यासाठी नाही' करून टाका.

खरी मेख नियम निवडण्याच्या क्रमात आहे. कोहा आधी ग्रंथालय बघतो, मग सभासद, मग साहित्य. आमच्याकडे 'सर्व ग्रंथालये, संशोधक, पुस्तक' या ओळीत ९० दिवस होते. एका सहकाऱ्याने विभागीय ग्रंथालयासाठी 'सर्व सभासद, सर्व साहित्य, १५ दिवस' अशी ओळ घातली. त्याच्या हिशेबाने ती उरलेल्यांसाठी होती. दुसऱ्या दिवशी एक संशोधक पावती घेऊन उभा: "मॅडम, मला पंधराच दिवस?" ओळ मोघम असली तरी तिच्यात ग्रंथालयाचे नाव होते, म्हणून ९० दिवसांची नेमकी ओळ मागे पडली. एखाद्या ग्रंथालयासाठी वेगळी सरसकट ओळ घातलीत, की तिथले सगळे अपवादही पुन्हा लिहावे लागतात. शिवाय नियम कुठला लागू करायचा, सभासदाच्या ग्रंथालयाचा, पुस्तकाच्या, की जिथून पुस्तक दिले तिथला, ही सेटिंग वेगळी असते. ती तक्ता भरायच्या आधी ठरवा.

'सर्व साहित्य' ओळीतली पुस्तकांची मर्यादा म्हणजे सभासदाची एकूण मर्यादा, असेही समजू नका. ज्या प्रकारांना स्वतःची ओळ आहे ते तिच्यात मोजले जात नाहीत. एकूण मर्यादेसाठी नियमांच्या त्याच पानावर खाली सभासद-प्रकारांचा वेगळा तक्ता आहे. आणि मर्यादेची चौकट रिकामी सोडलीत तर ती शून्य धरली जात नाही, अमर्याद धरली जाते! हे मला उशिरा कळले.

सत्राअखेरीची ठरावीक परतीची तारीख घालणार असाल तर पुढच्या सत्रात ती बदलायला विसरू नका. नाहीतर पुस्तक देतानाच मुदत उलटलेली असते.

दंडाबद्दल एकच सांगते. मुदत बदललीत तर ती फक्त नव्या देवघेवीला लागते, कारण परतीची तारीख पुस्तक देतानाच नोंदली जाते. दंडाचा दर मात्र रोज रात्री आपोआप होणाऱ्या हिशेबात त्या वेळच्या नियमातून घेतला जातो. मधेच दर वाढवलात तर आधीपासून थकलेल्या पुस्तकांचा दंडही नव्या दराने दिसू लागतो. म्हणून दर बदलायचा तर थकबाकी सगळ्यात कमी असताना, शक्यतो सुट्टीत बदला.

तक्ता झाल्यावर प्रत्येक सभासद-प्रकाराचा एक खोटा सभासद तयार करा आणि त्याला प्रत्येक प्रकारचे साहित्य देऊन परतीची तारीख ताडून बघा. आम्हाला यात अर्धा दिवस गेला, आणि दोन चुका सापडल्या.