सुयांना घाबरू नका, पुड्यांना घाबरा

प्रश्न : द्राक्षबागेची छाटणी करून करून उजवा खांदा धरलाय. हात वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. सून म्हणते, नाशिकला एका ठिकाणी चिनी पद्धतीने सुया टोचतात, पेले लावतात, पाल्याचा शेक देतात, पुड्याही देतात. हे नेमकं काय असतं? करावं का?
— एक शेतकरी, पिंपळगाव बसवंत

उत्तर : भाऊसाहेब, सगळा दोष छाटणीला देऊ नका. मधुमेह्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. निदान झाल्याशिवाय मी कुणालाच सुई लावत नाही.

चिनी म्हणून बिचकण्याचं कारण नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बसू पुढे सुया टोचण्याची ही विद्या, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर, भारतात घेऊन आले. २०१९ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठरावीक वाटांनी वाहते, ती अडली की दुखणं येतं, असं चिनी वैद्यक मानतं. आजचं विज्ञान त्या वाटा मानत नाही. सुईमुळे मज्जातंतू चेतवले जातात आणि मेंदू स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतो, असं सांगतं. सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक आणि भरीव असते. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं. मग ती बोटांत हलकेच फिरवली की आत जड, बोथट कळ पसरते. वीस-तीस मिनिटं तसंच पडून राहायचं. पाठ, गुडघा, खांद्याच्या जुन्या दुखण्यात बऱ्याच जणांना उतार पडतो. साखर मात्र सुयांनी बरी होत नाही. तुमच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

पेले म्हणजे आपल्याकडची तुंबडीच. कातडी आत ओढली जाते, काळेनिळे गोल वळ उठतात, काही दिवसांत जातात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर हे करू नका.

शेकाचा पाला आपल्या दवण्याच्याच कुळातला. वाळवून, कुटून त्याची कापसासारखी लव करतात, कांडी वळतात आणि पेटवून त्वचेपासून थोडी दूर धरतात. ऊब छान वाटते, पण तुमच्या बाबतीत मला याचीच जास्त काळजी आहे. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. चटका बसलेला कळत नाही आणि जखम चिघळते. पायाला शेक घेऊच नका.

आता पुड्या. दवण्याच्याच कुळातल्या एका झाडातून चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांनी मलेरियावरचं औषध शोधलं, त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. पण ते शुद्ध केलेलं, मात्रा ठरलेलं औषध. उलट १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली; गोळ्यांत अ‍ॅरिस्टोलोकिया नावाची विषारी वनस्पती होती. मधुमेहामुळे तुमच्या मूत्रपिंडांवर आधीच ताण आहे. बिननावाची पुडी, कुणीही दिली तरी, घरात आणू नका.

सुया घ्यायला हरकत नाही. उपचारकाची महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी आहे ना, ते विचारा, आणि सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. सोबत फिजिओथेरपीचे व्यायाम रोज हवेतच. साखरेचा रिपोर्ट आणि पायांना मुंग्या येतात का, हे मला कळवा; खांद्याला शेक द्यायचा की नाही, ते मग सांगते.