हॉलिवूडच्या अभिनेत्री थेल्मा रिटर यांना सहायक अभिनेत्रीची सहा नामांकनं मिळूनही ऑस्कर का मिळालं नाही?

मोलकरीण, नर्स, सासू अशी कामं चोख केली की बघणाऱ्याला तो अभिनय वाटतच नाही, म्हणून. मला याचा राग आहे.

नोकरीत असताना बँकेच्या नाटकात मी घरकामाच्या बाईची भूमिका केली होती. हशे आले, टाळ्या आल्या. घरी जेवताना थोरले दीर सगळ्यांदेखत म्हणाले, "भांडीच तर घासायची, त्यात अभिनय कसला?" पुढच्या रविवारी मी त्यांना 'रिअर विंडो' दाखवला. थेल्मा त्यात विमा कंपनीने पाठवलेली नर्स आहे. जेम्स स्टुअर्टची पाठ रगडता रगडता ती त्याला लग्नावरून अशी फैलावर घेते की दीर मोठ्याने हसले. मग लगेच म्हणाले, "पण हिरोइन ग्रेस केलीच ना!"

हिरोइन कोण हा प्रश्नच नव्हता. 'ऑल अबाउट ईव्ह'मध्ये (1950) ईव्हचा डाव सगळ्यात आधी ओळखते ती थेल्माची बर्डी. पुढे ती पडद्यावरून नाहीशी होते, तरी नामांकन मिळालंच. त्याच चित्रपटासाठी त्याच गटात सेलेस्ट होमही होत्या. मतं फुटली असणार. ऑस्करची बाहुली नेली जोसेफीन हल यांनी. 'द मेटिंग सीझन'मध्ये थेल्मा मुलाच्याच घरी स्वयंपाकीण होऊन राहतात आणि सुनेला पत्ता नसतो. सगळा चित्रपट त्यांच्या खांद्यावर, नामांकन मात्र सहायक म्हणून.

खरा अन्याय 1953 चा. 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट'मधली थेल्माची मो नावाची बाई गळ्यातले टाय विकते, पोलिसांना खबरा देते आणि बेवारस पुरलं जाऊ नये म्हणून स्वतःच्या दफनाचे पैसे साठवते. मारेकरी पिस्तूल घेऊन खोलीत येतो तेव्हा ती भीक मागत नाही, किती थकलेय ते सांगते. तो प्रवेश पाहून डोना रीडना मत देणाऱ्यांचं मला नवल वाटतं. (रीड वाईट नव्हत्या. आणि 1962 ला थेल्माऐवजी पॅटी ड्यूक जिंकली ते योग्यच झालं.)

तुमच्या घरात कुणी छोटी भूमिका करत असेल तर प्रयोगाला जा, आणि जेवणाच्या पानावर मापं काढू नका. पंचेचाळिशीत पहिला चित्रपट करणाऱ्या या बाईंना 1958 चं टोनी, म्हणजे अमेरिकन रंगभूमीचं पारितोषिक, मिळालं, तेही प्रमुख अभिनेत्रीचं, ग्वेन व्हर्डन यांच्याबरोबर विभागून. दिरांना हे सांगितलं तर म्हणाले, "ते नाटकातलं."

भाऊजी, आपलं बोलणं नाटकावरूनच निघालं होतं.