पॅनेलच्या कारखान्यासाठी राहते घर तारण ठेवावे का?

भोसरीतील एका वाचकाने आपल्या व्यवसायाचा सारा प्रवास कळवून सल्ला मागितला आहे. त्यांच्या वडिलांनी 1992 साली भाड्याच्या गाळ्यात, दोन वायरमनना हाताशी घेऊन, स्टार-डेल्टा स्टार्टरची, म्हणजे मोठ्या मोटारी सुरू करणारी, विद्युत पॅनेल बनवायला सुरुवात केली. 2005 नंतर पीएलसी, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल नियंत्रकांच्या, पॅनेलची कामे मिळू लागली. 2009च्या मंदीत एका ग्राहकाकडे 14 लाख रुपये अडकले, तेव्हा आईचे दागिने गहाण ठेवून कामगारांचे पगार करावे लागले. आज जीएसटी वगळून वार्षिक विक्री 3 कोटी 20 लाख, निव्वळ नफा 22 लाख आणि येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) 95 लाख आहेत. एन्क्लोजर, म्हणजे पॅनेलची पत्र्याची पेटी, बाहेरून घेण्याऐवजी पंचिंग आणि बेंडिंग यंत्रे घेऊन आपल्याच कारखान्यात तयार करण्यासाठी, वडिलांच्या नावावरील घर तारण ठेवून 80 लाखांचे कर्ज काढावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे मत स्पष्ट आहे: या कामासाठी घर तारण ठेवू नये.

आपण वर्षाला 60 लाखांची एन्क्लोजर घेता आणि स्वतः बनवल्यास 15 टक्के वाचतील असे म्हणता, म्हणजे बचत 9 लाखांची. 80 लाखांचे कर्ज 10 टक्के दराने 10 वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 1 लाख 6 हजार, म्हणजे वर्षाला 12 लाख 70 हजारांच्या आसपास जातो. यंत्रचालकाचा पगार, वीज आणि पत्र्याचा साठा यांचा खर्च यात अजून धरलेलाच नाही. शिवाय, मोठे ग्राहक आयईसी 61439 या पॅनेलसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासणी झालेले पॅनेल मागू लागले आहेत, हे जे कारण आपण दिले आहे, त्याचे उत्तर पंचिंग यंत्रात नाही. त्या मानकात मूळ रचना तपासून घेणारा उत्पादक आणि प्रत्यक्ष जुळणी करणारा उत्पादक वेगवेगळे असू शकतात. त्यामुळे एखाद्या स्विचगिअर (ब्रेकर, कॉन्टॅक्टर यांसारखी उपकरणे) बनवणाऱ्या कंपनीच्या तपासलेल्या रचनेवर, तिच्या सूचना काटेकोर पाळून, पॅनेल बांधण्याचा परवाना मिळवणे हा आपल्यासाठी कितीतरी कमी भांडवलाचा मार्ग आहे.

आपल्या पत्रातील 2009ची हकिकत मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण खरे दुखणे तिथे आहे. आपला व्यवसाय यंत्रांवाचून कधी अडला नाही. तो उधारीने अडला. तांबे आणि स्विचगिअर यांचे पैसे लगेच द्यावे लागतात, ग्राहकाचे पैसे आले नसले तरी जीएसटी भरावाच लागतो, आणि शेवटचे 10 टक्के कमिशनिंग, म्हणजे पॅनेल ग्राहकाकडे बसवून चालू करणे, होईपर्यंत अडकून राहतात. जीएसटीसह आपली वार्षिक बिले सुमारे 3 कोटी 78 लाखांची होतात. म्हणजे 95 लाखांची येणी ही तीन महिन्यांची विक्री आहे. ती दोन महिन्यांवर आणली, तर सुमारे 32 लाख रुपये कोणतेही कर्ज न काढता मोकळे होतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, आपल्याकडे आहेच, तिचा आधार घ्यावा. 2006च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी देयकाची मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने, व्याज लागू होते. त्याशिवाय 2023 साली झालेल्या प्राप्तिकर दुरुस्तीमुळे, सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच वजा करून मिळतो. जुना ग्राहक दुखावेल ही भीती मला समजते. म्हणून नोटीस न धाडता, पुढच्या प्रत्येक ऑर्डरवर मुदत आणि नोंदणी क्रमांक छापण्यापासून सुरुवात करावी.

एवढे करूनही दोन वर्षांनी एन्क्लोजरची खरेदी 1 कोटीच्या पुढे गेली, तर केवळ बेंडिंग यंत्रापुरते, सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या पतहमी योजनेतून, घर तारण न ठेवता कर्ज मिळते का ते बँकेत विचारावे. व्यवसाय एकल मालकीचा असल्याने त्याचे कर्ज थेट आपल्या अंगावर येते. त्यात वडिलांचे एकमेव घरही गुंतवले, तर 2009सारखे एक वर्ष आले की त्यांच्या डोक्यावरचे छप्परच धोक्यात येईल. या महिन्यात 90 दिवसांपेक्षा जुन्या येण्यांची यादी ग्राहकवार काढून वडिलांसमवेत बसावे. कोणाला फोन करायचा आणि कोणाकडे स्वतः जायचे, हे त्यांना नेमके माहीत असेल.