वजन बरोबर भरतंय म्हणून एरर नाणं घेऊ नका

एरर नाणं (टांकसाळीत बनवतानाच चुकलेलं) म्हणून विकायला आलेल्या नाण्याचा फोटो टाकून तुम्ही घ्यावं का विचारलंत. त्यातला प्रकार ओळखीचा निघाला, म्हणून लांबलचक लिहितोय. जाडं ५ रुपयांचं नाणं, सिंहांच्या बाजूला उलटा ५ आत रुतलेला, आणि विकणारा म्हणतोय, "ब्रोकेज आहे, गुजरीत (सराफांच्या पेठेत) काट्यावर घालून बघा, बरोबर ९ ग्रॅम." याच वाक्याला मी भुललो होतो आणि ते लई महागात पडलं. वजन बरोबर भरणारच की! दाबल्याने धातू जातो कुठं? नाणं घासलंय का, धातूच वेगळा आहे का, हे बघायला वजन ठीक. इथं उपयोग शून्य.

ब्रोकेजमध्ये आधीचं नाणं एका डायला (चित्र उमटवणाऱ्या ठशाला) चिकटून बसतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावर ठोकली जाते. ती डाय झाकलेली असल्याने तिचं चित्र उमटतच नाही. त्या जागी समोरच्याच बाजूचं चित्र उलटं आणि खोलगट येतं. म्हणजे खोलगट ५ हवा तर मागे उठावाचा सरळ ५ पाहिजे, आणि सिंह कुठंच नकोत. चिकटलेलं नाणं सरकलेलं असेल तर एका भागात सिंह, दुसऱ्या भागात खोलगट ५ असं होतं, पण एकाच ठोक्यात एकाच जागी दोन्ही कधीच नाही. तुमच्या फोटोत ५ च्या खाली चेपलेले सिंह दिसतायत. दोन नाणी एकमेकांवर ठेवून वाइसमध्ये (पकडून आवळायच्या यंत्रात) आवळलीत, उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, पाच मिनिटांचं काम. पालथं करून बघा, उठावाचे भाग चपटे होऊन चकाकत असतील.

फोटोवरून सांगतोय, हातात घेतलेलं नाही. तरी पाचाच्या वर मी एक रुपया देणार नाही.

तपासून देणाऱ्यांचंही तसंच. एका ठिकाणी फी घेऊन 'छपाईतला दोष' एवढा शेरा मिळाला. कुठल्या टप्प्यावरचा, विचारलं तर गप्प. टप्पा सांगता येत नसेल तर ते प्रमाणपत्र रद्दीत घाला.

क्लिपची, म्हणजे काठाला खाच पडलेल्या नाण्याची, गोष्ट वेगळी. तिथं पत्र्यातून चकती कापतानाच चंद्रकोरीएवढा तुकडा कमी पडतो. मग काठ उचलणाऱ्या यंत्रात त्या खाचेच्या बरोबर समोर नीट दाब मिळत नाही, म्हणून समोरचा काठ बहुधा पुसट येतो आणि खाचेजवळची अक्षरं तिकडं ओढल्यासारखी दिसतात. कानशीच्या कामात अक्षर सपकन तुटलेलं, समोरचा काठ ठणठणीत. इथं मात्र वजन कमीच भरलं पाहिजे.

डायला तडा गेला तर नाण्यावर रेष उठावाची येते. आत गेलेली रेष बहुतेक वेळा ओरखडाच.

आणि चिंच-राख लावून घासू नका. ठोकताना धातू पसरतो त्याची चमक नाण्यावर असते, ती एकदा गेली की खरं नाणंही सिद्ध करणं अवघड होतं.