डिप्रेशनमध्ये व्यायाम, जेवण, झोप सगळं कळतं पण वळत नाही, असं का?

तुम्ही लिहिलंय, 'ट्रीटमेंट सुरू आहे, चालायला जा, वेळेवर जेवा असं डॉक्टरही सांगतात, तरी जमत नाही. मी आळशी आहे का?' मी डॉक्टर नाही, पण 2019 मध्ये सात-आठ महिने यातूनच गेलेय.

आळशी माणसाला लोळण्यात मजा येते. तुम्हाला येतेय का? मला तर येत नव्हती.

माझी तेव्हाची आंघोळ सांगते. गीझर लावायचे आणि टॉवेल मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसायचे. उठायचं, कपडे शोधायचे, बादली भरायची, केस धुवायचे की नाही ते ठरवायचं, धुतले तर वाळवायचे... एरवी जी एक आंघोळ असते, ती दहा कामं होऊन समोर उभी राहायची. तासाभराने आई येऊन गीझर बंद करायची. टॉवेल कोरडाच.

एखादी सवय टिकते ती केल्यावर जरा बरं वाटतं म्हणून. डिप्रेशनमध्ये नेमकं ते बरं वाटणंच बंद पडतं. फिरून आलं तरी काही नाही, जेवलं तरी चव नाही. मग उद्या पुन्हा कशाच्या जोरावर जायचं? त्यात ठरवणं आणि सुरुवात करणं हीसुद्धा मेंदूचीच कामं, आणि दुखणं तिथेच. 'मनावर घे, सगळं होतं' म्हणणाऱ्या मामांना हे मला कधीच पटवता आलं नाही.

बऱ्याच जणांना पहाटेच जाग येते आणि सकाळ सगळ्यांत जड जाते, संध्याकाळी थोडं हलकं वाटतं. आणि सल्ला काय, तर पहाटे उठून फिरायला जा! काही गोळ्यांनी सुस्ती येते, भूक वाढते. माझं वजन वाढलं तेव्हा मी परस्पर गोळी बंद करणार होते. तसं करू नका, डॉक्टरांना सांगा. माझी बदलून दिली.

समुपदेशक ताईंनी मला चालायला सांगितलंच नाही. म्हणाल्या, 'इच्छा होईपर्यंत थांबू नका. संध्याकाळी कोपऱ्यावरून दूध तेवढं आणा.' आठवड्यातून तीनदा जमलं तरी पुष्कळ व्हायचं. आंघोळ नाही तर तोंड धुवायचं, स्वयंपाक नाही तर दही-पोहे.

फारच वाईट विचार येत असतील तर 14416 वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत, दिवसरात्र सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं.