वस्ताद घरातच असतो तेव्हा

प्रश्न (मूळ पत्र लांब होतं, इथं थोडक्यात): मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. वय 20, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहान होतो तेव्हाच वडिलांनी लंगोट बांधून मला आखाड्यात उतरवलं. जिल्हा पातळीवर पदकं मिळाली, पण पुढं मजल गेली नाही. बरोबरची पोरं पोलीस भरतीच्या मागं लागलीत. मी कुस्ती सोडली तर वडिलांना काय वाटेल, याचाच घोर लागून राहिलाय. करिअर कशात करू?

उत्तर: करिअरचा प्रश्न तू पत्राच्या शेवटी कसाबसा उरकलायस. बाकी सगळं पत्र वडिलांच्या तालमीचं आहे, आणि ते झकास उतरलंय. ताक, हळद, तेल घालून माती कालवायची. मग वडील गुडघ्यावर बसून तुझ्या उंचीचे व्हायचे आणि तुला एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव, काढायला लावायचे. पाय जुळले की काठी हलकेच घोट्याला लागायची, "पाय फाकव, पाय!" पण वडिलांनी "कुस्तीच कर" असं बजावल्याचं त्यात कुठंही नाही. त्यांना काय वाटेल ते तूच ठरवून टाकलंयस. आधी त्यांना विचार तरी!

आता रोखठोक बोलू. खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे हे खरं. पण पद जितकं वरचं, तितकी कामगिरीही वरच्या पातळीची लागते, आणि जिल्ह्याच्या पदकावर तिथं भागत नाही. त्या आशेवर बसून राहू नकोस.

भरतीचं म्हणशील तर शिपायाच्या मैदानी चाचणीला 50 गुण. त्यातले 20 एकट्या 1600 मीटर धावण्याला, आणि ते सगळे हवे असतील तर मुलांना 5 मिनिटं 10 सेकंदांत अंतर कापावं लागतं. तू 92 किलोचा गडी. गोळाफेकीचे 15 गुण तू सहज काढशील, पण धावताना खुराकाचं वजन आडवं येणार. भरती करायचीच असेल तर वजन उतरवून वर्षभर पळावं लागेल, म्हणजे कुस्ती तशीही बाजूलाच पडणार. दोन्ही सांभाळतो म्हणणारे बरेच बघितलेत, बहुतेकांचं एकही धड होत नाही.

एक ओळ मात्र तू सहज लिहून गेलायस: "संध्याकाळी गावातली बारकी पोरं येतात, त्यांना मीच शिकवतो." पुढं अर्धं पान कुणाचा डावा पाय आळशी आहे, कोण पट काढताना मान खाली घालतो, याचाच तपशील. स्वतःच्या पदकांवर तू दोन वाक्यंही खर्च केलेली नाहीस! माझ्या मते तुझा कल इथं आहे. वडिलांकडून तू कुस्ती घेतलीस, तशी शिकवण्याची नजरही घेतलीस, आणि ती सगळ्याच पैलवानांकडं नसते.

प्रशिक्षक व्हायचं तर वाट अशी. पदवी पूर्ण कर, ती सोडायची नाही. त्यानंतर दोन वर्षांचं बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, केलंस तर शाळा-कॉलेजात क्रीडाशिक्षक म्हणून अर्ज करता येतो. शिक्षकभरती रेंगाळते, हे मात्र धरून चाल. नुसतं कुस्तीचंच प्रशिक्षण द्यायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा आहे. त्याला तू कुठल्या पातळीपर्यंत खेळलास हेही बघतात. म्हणून उरलेल्या वर्षांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा चुकवू नकोस, विद्यापीठाच्या संघात शिरायची खटपट कर. त्याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्सही असतो. अंदाज घ्यायला तो बरा.

आणि मॅट, म्हणजे गादीवरची कुस्ती. वडिलांनी मातीवर घडवलं, पण अधिकृत फ्रीस्टाईल मॅटवर होते: तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणांवर निकाल, 10 गुणांची आघाडी घेतली की कुस्ती तिथंच संपली. खडाखडीत, म्हणजे नुसत्या हाताच्या चाचपणीत, वेळ काढणाऱ्याचं तिथं काही खरं नाही. खाशाबा जाधवांनाही पहिले धडे गोळेश्वरात वडिलांनीच दिले, तेही मातीवर. 1948च्या लंडन ऑलिंपिकआधी ते रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाकडे मॅटची कुस्ती शिकले, आणि 1952ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले. बीडच्या पैलवान राहुल आवारेलाही सुरुवात वडिलांनीच करून दिली, पण पुढं तो पुण्याला हरिश्चंद्र बिराजदारांच्या तालमीत गेला. वस्ताद बदलला म्हणून वडिलांशी बेइमानी होत नाही.

तेव्हा या सुट्टीत जवळच्या एखाद्या मॅटच्या केंद्रात महिनाभर राहा. वडिलांनाही दोन दिवस घेऊन जा. नियम बदललेत, पोरं कशी खेळतात ते त्यांनीही बघावं. आणि बारक्या पोरांची एक वही घाल: नाव, वय, वजन, कोणता डाव चालू आहे, कोण कधी दुखावलं. उद्या कुणी विचारलं, शिकवण्याचा अनुभव काय, तर ती पुढं करता येईल.