शे इंजिन एवढं धापा टाकतं, मग चालतं इतकं हळू का?

चिपळूणच्या भाऊंनी अमेरिकेतल्या कॅस इथल्या शे इंजिनाचा, म्हणजे गिअरवर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनाचा, व्हिडिओ बघून तीन गोष्टी विचारल्यात. आवाज एक्सप्रेसचा आणि गाडी रांगते, हे कसं? बॉयलर मधोमध का नाही? आणि माथेरानला असं इंजिन का आणलं नाही?

आवाजाचं सोपं आहे. साध्या वाफेच्या इंजिनात दांडे थेट चाकाला जोडलेले असतात. सिलिंडर दोन, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार भपकारे. शेचे सिलिंडर बहुतेक करून तीन, तेही उभे, आणि ते फिरवतात बाजूने गेलेला लांब शाफ्ट, म्हणजे दांडा. तो दातेरी चाकांतून चाकं फिरवतो. शाफ्टच्या एका फेऱ्यात सहा भपकारे, आणि शाफ्ट दोन-अडीच वेळा फिरला की चाक एकदा. करा गुणाकार. कुंभार्ली घाटात एसटी पहिल्या गिअरवर कशी बोंबलते, तसंच हे. जेमतेम वीसेक किलोमीटरचा वेग.

पण गिअरमुळे ताकद वाढली एवढ्यावर थांबू नका. खरी मेख वजनात आहे. कोरड्या रुळावर चाक न घसरता इंजिन साधारण स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्याइतका जोर लावू शकतं, तेही फक्त चालत्या, म्हणजे वाफेच्या जोरावर फिरणाऱ्या, चाकांवर पडणारं वजन धरून. कॅसला चढ ११ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे ९ मीटरला १ मीटर. १०० टनांचं इंजिन घ्या. सगळी चाकं चालती असतील तर २५ टन ओढ मिळते. त्यातली ११ स्वतःलाच वर न्यायला गेली, उरली १४. त्यावर सव्वाशे टनांची गाडी चढेल. आता यातलं ४० टन वजन पाणी-कोळशाच्या टेंडरवर, म्हणजे नुसत्या ओढत नेलेल्या चाकांवर आहे असं धरा. ओढ १५, स्वतःला ११, उरले ४ टन. पस्तीस टनांत खेळ खलास. म्हणून शेमध्ये शाफ्ट थेट टेंडरखालच्या चाकांपर्यंत नेलाय. शिवाय तीन सिलिंडरमुळे जोर एकसारखा लागतो, झटका नाही, त्यामुळे ओल्या रुळावर चाक भिरभिरायची भीतीही कमी.

बॉयलरचं कारण उघड आहे. सिलिंडर, शाफ्ट, दातेरी चाकं, सगळा लोखंडी पसारा उजव्या अंगाला. तोल साधायला बॉयलर डावीकडे सरकवला. डावीकडून बघाल तर हे धूड चालतं कशावर तेच कळत नाही. उजवीकडून, गाडी डावीकडे वळताना नजर ठेवा: शाफ्टचा चौकोनी तुकडा त्याच्या म्यानातून बाहेर सरकतो, सरळ रुळावर परत आत जातो. लाकूडतोडीच्या जंगलातले वेडेवाकडे रूळ याच्यामुळेच झेपायचे. मिशिगनचे एफ्राइम शे स्वतः लाकडाच्या धंद्यातले होते, त्यांना १८८१ मध्ये पेटंट मिळालं. ऑफिसात बसून हे सुचलं नसतं, असं माझं मत.

माथेरानचा चढ २० ला १, म्हणजे ५ टक्के. १९०७ ला गाडी सुरू झाली तेव्हा जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची सहा चाकांची टँक इंजिनं आणली. सहाही चाकं चालती, पाणी इंजिनाच्याच अंगावर. म्हणजे वजनाचा प्रश्न तिथेच मिटला होता. उरली अवघड वळणं. त्यासाठी पुढचा आणि मागचा आस वळणावर थोडा हलेल अशी सोय होती. ५ टक्क्यांना एवढं पुरतं, मग गिअरचा कुटाणा आणि सतत ग्रीस चोपडणं कशाला?

उटीशी मात्र गल्लत नको. तिथे रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक तिला धरून चढतं. शेचे दाते इंजिनातच, रूळ साधेच.

आशियात बघायचं असेल तर तैवानची अलीशान रेल्वे. ७६२ मिलिमीटरचा गेज, डोंगराला वेढे घालत जाणारा मार्ग आणि तीच उजव्या अंगाची शे.